हाताखाली एक, मशीनवर दोन, बाकावर चार

वाचकाचं पत्र:

"मी २८ वर्षांची फिजिओथेरपिस्ट. एमपीटी (फिजिओथेरपीतली मास्टर्स पदवी) होऊन तीन वर्षं झाली. एका खासगी क्लिनिकमध्ये आम्ही चार फिजिओ आणि दोन असिस्टंट आहोत. सकाळी ८ ते १ आणि संध्याकाळी ४ ते ९ अशी ड्युटी, मधल्या वेळेत एक-दोन होम व्हिजिट. रोज २४ तरी पेशंट होतात. दहा-दहा सेशनची पॅकेजेस विकायचं टार्गेट आहे. उजव्या अंगठ्याचं मूळ चार महिन्यांपासून दुखतंय. रात्री अकरापर्यंत पेशंटचे मेसेज येतात. परवा अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांवर मी खेकसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. एका घरी व्हिजिटला गेलं की पेशंटचा मुलगा नको ते बोलतो. सरांना सांगितलं तर म्हणाले, 'दुर्लक्ष कर.' आई म्हणते, नोकरीत थोडं सोसावंच लागतं. मी कमजोर आहे का? नोकरी सोडू का?"
— एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार.

बाकी सगळं नंतर, आधी ती होम व्हिजिट. त्या घरी आजपासून एकटीने जायचं नाही. सरांना तोंडी सांगून झालं आहे, आता व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर तारखेसह लिहा: कोणत्या दिवशी, काय बोलणं झालं, आणि 'या पेशंटसाठी सोबत असिस्टंट हवा किंवा पेशंटने क्लिनिकमध्ये यावं'. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही 'कामाचं ठिकाण' मानली आहे, त्यामुळे पेशंटचं घर त्यात येतं. तुमच्या क्लिनिकमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसेल. अशा वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण घटनेची नोंद आजच करून ठेवा. 'दुर्लक्ष कर' हा सल्ला चुकीचा आहे आणि तो मानायची तुमच्यावर सक्ती नाही.

आता तुमचा प्रश्न. कमजोर नाही आहात. तुमच्या दिवसाचा हिशेबच जमत नाही, आणि तो कुणालाही जमणार नाही. मांडून बघू.

दहा तास म्हणजे ६०० मिनिटं. २४ पेशंटपैकी तीन नवे धरले तर हिस्ट्री, तपासणी आणि समजावून सांगणं मिळून प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे १३५ गेली. उरली ४६५. अर्धांगवायूचे दोन पेशंट धरले तर त्यांची ९० गेली. उरली ३७५ मिनिटं आणि १९ पेशंट, म्हणजे एकाला जेमतेम २० मिनिटं. त्यातून चादर बदलणं, इलेक्ट्रोड काढणं-लावणं, हात धुणं यांची तीन आणि नोंद लिहिण्याची चार मिनिटं वजा करा. उरली बारा-तेरा मिनिटं. यात पाणी पिणं नाही, बाथरूम नाही, उशिरा आलेला पेशंट नाही, 'मॅडम, एक मिनिट, माझ्या मिसेसचा एमआरआय बघता का' हेही नाही. क्लिनिक चालतं ते एकाच वेळी तिघांना घेऊन: एक हाताखाली, दोन मशीनवर, आणि बाहेर बाकावर चार जण घड्याळाकडे बघत. लक्ष तीन ठिकाणी वाटलं गेलेलं असताना चौथ्याने काही विचारलं की माणूस खेकसतो. त्या आजोबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यांची माफी मागा, साध्या दोन वाक्यांत, आणि तो विषय तिथे संपवा.

जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला (कामाने पार थकून जाण्याला) आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर जे होतं ते, अशी त्याची नोंद आहे. त्याची अंगं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्हींच्या खुणा तुमच्या पत्रात आहेत. म्हणूनच 'योग करा, सकारात्मक राहा' एवढंच सांगणं तुमच्यावर अन्याय करणारं ठरेल. प्राणायामाने झोप सुधारली तर चांगलंच आहे, पण १९ पेशंटला ३७५ मिनिटं त्याने पुरणार नाहीत.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, आम्हाला मात्र सगळ्यात जड तेच वाटलं: पॅकेजेसचं. फिजिओ खरा कशाने थकतो? पेशंटची संख्या हे एक कारण आहेच. पण जे करायला हवं ते ठाऊक असूनही रोज दुसरंच करावं लागणं हे मनाला जास्त पोखरतं. गुडघ्याच्या झिजेचं घ्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं व्यायामाला उपचाराचा गाभा मानतात. टेन्स, अल्ट्रासाउंड, आयएफटी (विजेचे किंवा ध्वनिलहरींचे मशीनवरचे उपचार) यांचा पुरेसा पुरावा नाही म्हणून ते देऊ नका, असं स्पष्ट सांगतात. तुम्ही हे एमपीटीला शिकलात. तरीही पंधरा मिनिटं आयएफटी, दहा मिनिटं शेक, 'घरी व्यायाम करा' म्हणून एक झेरॉक्स आणि दहा सेशनचं बिल, हे तुम्हाला दिवसाला आठ-दहा वेळा करावं लागत असणार. त्याची बोच मनात साठत जाते. ती चार दिवसांच्या सुट्टीने जात नाही, कारण पाचव्या दिवशी तेच करायचं असतं.

त्यामुळे पुढचे १४ दिवस एक छोटी वही खिशात ठेवा. पेशंटचं नाव लिहू नका, अनुक्रमांक पुरे. रकाने असे: सुरुवातीची वेळ, नवा की जुना, मुख्य काम हाताने, व्यायामाने की मशीनने, उचलाउचल होती का, प्रत्यक्ष मिनिटं, नोंद कधी लिहिली (लगेच, की रात्री घरी). शेवटचा रकाना 'अर्धवट राहिलं'. ज्या पेशंटला हवं ते देता आलं नाही त्याच्यापुढे खूण. दोन आठवड्यांनी खुणा मोजा. त्या विशिष्ट वेळेला किंवा विशिष्ट आजारांभोवती दाटलेल्या दिसल्या तर वेळापत्रक बदलून बराच फरक पडेल. सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतील तर अडचण त्या जागेचीच आहे, आणि मग नोकरीचा प्रश्न वेगळ्या नजरेने बघावा लागेल. वही मध्येच सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे 'रात्री भरू' असं ठरवणं. रात्री आठवत नाही. चादर बदलताना भरा, दहा सेकंद लागतात.

वेळापत्रकाचा क्रम मात्र वही पूर्ण व्हायची वाट न बघता उद्यापासून बदलता येईल, आणि त्याला सरांची परवानगीही फारशी लागत नाही. रिसेप्शनवरच्या ताईंशी नीट बोलावं लागतं. अर्धांगवायूचे आणि ट्रान्सफर (पलंगावरून खुर्चीत वगैरे हलवणं) लागणारे पेशंट शिफ्टच्या पहिल्या दीड तासात घ्या, शेवटी नाही. दमलेल्या पाठीने उचललं की इजा तिथेच होते. हाताने जोर लावायचे दोन पेशंट लागोपाठ नकोत. एक मोबिलायझेशनचा (हाताने सांधा हलवण्याचा), मग एक व्यायामाचा, मग एक बॅलन्स किंवा गेट ट्रेनिंगचा (चालण्याच्या सरावाचा). दर चार पेशंटनंतर दहा मिनिटांची 'नोंद' अपॉइंटमेंटच्या वहीत पेशंटसारखीच बुक करा, नाही तर ती वेळ कुणीतरी घेतंच. आणि सकाळी साधारण १०.४० ला एक स्लॉट रिकामा. हा चैनीचा वाटेल, पण साडेआठला आलेला एक उशीर बारा वाजेपर्यंत सगळ्यांना ढकलत नेतो. तो शोषून घ्यायला मध्ये कुठेतरी मोकळी जागा लागते.

आता अंगठा. चार महिने म्हणजे फार झालं. आपल्या व्यवसायात एक वाईट सवय आहे: दुपारच्या सुट्टीत सहकाऱ्याकडून दोन मिनिटं अल्ट्रासाउंड लावून घेणं आणि त्यालाच उपचार मानणं. स्वतःची तपासणी स्वतः कुणी नीट करू शकत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताच्या सर्जनकडे जाऊन ही पहिल्या सीएमसी सांध्याची (अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची) तक्रार आहे, डी क्वेरव्हेन (मनगटाजवळ अंगठ्याच्या स्नायुबंधांची सूज) आहे, की मानेतून येणारी आहे, ते ठरवून घ्या. तोवर अंगठ्याने दाब देणं पूर्ण बंद. पर्याय तुमच्याकडे आहेत: कमरेच्या पीए ग्लाइडला (मणका मागून पुढे दाबण्याला) पिसिफॉर्म (मनगटाजवळचं करंगळीकडचं हाड), ग्लुटियस आणि पिरिफॉर्मिस या नितंबाच्या स्नायूंना कोपर, खांदा आणि हिपच्या ग्लाइडला बेल्ट, सॉफ्ट टिश्यूला बोटांची पेरं किंवा स्टीलचं टूल. पुढे कधी अंगठा वापरावाच लागला तर त्याचे दोन्ही सांधे सरळ रेषेत ठेवा, मागे वाकू देऊ नका, वर दुसरा अंगठा ठेवा आणि जोर कोपर सरळ ठेवून धडातून येऊ द्या.

अंगठ्यावर जोर येण्याचं एक कारण बहुतेक क्लिनिकमध्ये डोळ्यांसमोर असतं: ठरावीक उंचीचं लाकडी प्लिंथ (पेशंटला झोपवायचं टेबल). ते तुमच्यासाठी उंच असेल तर अंगाचं वजन खाली उतरत नाही आणि सगळा जोर मनगट-अंगठ्यातून काढावा लागतो. सरळ उभं राहून हात सैल सोडा आणि मूठ वळा. पालथ्या झोपलेल्या पेशंटची पाठ साधारण त्या मुठीच्या पातळीला यायला हवी. वर येत असेल तर चार ते सहा इंचांच्या स्टेपरवर उभ्या राहा. तो बहुतेक क्लिनिकमध्ये असतोच. रुंद आणि न घसरणारा हवा, कारण अरुंद पाटावर एक पाय मागे घ्यायला जागा राहत नाही आणि तोल जातो. सरांनी पुढचं मशीन घेण्याआधी उंची बदलणारं एक तरी प्लिंथ घ्यावं, हे त्यांना जरूर सांगा.

उचलण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या संशोधनातून पेशंट हाताळताना हाताने उचलण्याच्या वजनाची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, अशी सुचवली गेली, आणि तीही परिस्थिती अनुकूल असताना. सत्तर किलोच्या माणसाचा एक पायच साधारण ११ किलोचा भरतो. तेव्हा ज्याला स्वतःचं वजन पायावर घेता येत नाही अशा पेशंटला एकटीने पलंगावरून खुर्चीत घेणं ही बहादुरी समजू नका. दोन माणसं, गेट बेल्ट (पेशंटच्या कमरेला बांधून धरायचा पट्टा), खुर्ची पलंगाला साधारण ३० ते ४५ अंशांत, चांगल्या अंगाच्या बाजूला, ब्रेक लावलेले, फूटरेस्ट बाजूला. चुकतं कुठे? नातेवाईक मदतीला येतात आणि 'तीन' म्हणायच्या आधीच काखेत हात घालून ओढतात. लुळा खांदा असा ओढला गेला की पेशंटचंही नुकसान आणि तुमच्या कमरेचंही. आधी नातेवाइकाला हात कुठे ठेवायचा ते दाखवा, आकडे तुम्हीच मोजा. होम व्हिजिटला दिवाण किंवा गादी खाली असेल तर पहिल्याच भेटीत पलंग उंच करून मागा, त्याच्या पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे ठेवून. रोज अर्धा तास वाकून काम करणं आपल्या उपचाराचा भाग नाही.

सरांशी बोलायचं आहे, आणि त्यासाठी वहीचे दोन आठवडे हातात हवेत. रडू येत असलेल्या दिवशी, किंवा पेशंट बाहेर बसलेले असताना बोलू नका. 'मला खूप स्ट्रेस आहे' असं म्हटलं की समोरच्याला तो तुमचा घरगुती प्रश्न वाटतो आणि उत्तर 'दोन दिवस सुट्टी घे' एवढंच येतं. आधी वेळ मागा: 'सर, बुधवारी दुपारी वीस मिनिटं हवी आहेत, शेड्यूलबद्दल एक प्रस्ताव आहे.' आणि मग एकच गोष्ट मागा, चार आठवड्यांच्या प्रयोगापुरती. आमच्या मते ती गोष्ट म्हणजे गुडघ्याचा गट.

सध्या गुडघ्याचे पाच पेशंट २०-२० मिनिटांनी घेतले तर १०० मिनिटं जातात. पाचांना एकत्र ४५ मिनिटं घ्या, ५५ वाचतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम याच धर्तीवर चालतो: समजावून सांगण्याची दोन-तीन सत्रं आणि सहा आठवड्यांत गटाने बारा व्यायामसत्रं. तुमच्याकडे सोमवार-बुधवार-शुक्रवार गुडघे, मंगळवार-गुरुवार कंबर असं होऊ शकतं. पहिली तपासणी प्रत्येकाची वेगळी, बीपी तपासलेलं, ताजी शस्त्रक्रिया किंवा तोल जाणारे पेशंट गटात नकोत. खुर्चीवरून उठ-बस दहाच्या दोन फेऱ्या, चार इंचांच्या पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं, बाजूला चालणं. दुखणं किती चालेल याचा नियम पेशंटला आधीच सांगून ठेवा: दहापैकी पाचपर्यंत वाढलं आणि २४ तासांत मूळपदावर आलं तर ठीक, नाही तर पुढच्या वेळी व्यायामाची पातळी कमी. मराठी घरांतल्या काकू-मावश्या गटात खुलतात, एकमेकींना 'काल केले का व्यायाम' विचारतात आणि खाडे कमी होतात. वाचलेल्या ५५ मिनिटांतली ३० नोंदींना, २५ कठीण पेशंटला.

यात सरांचं उत्पन्न बुडत नाही, हे कागदावर दाखवा. त्यांच्या डोक्यावर भाडं आहे, मशीनचे हप्ते आहेत. त्यांना शत्रू धरून बोलायला बसलात तर बोलणं पाचव्या मिनिटाला संपेल. मोजायच्या गोष्टीही तुम्हीच सुचवा: पेशंट सरासरी किती वेळ थांबला आणि किती जणांनी उपचार मध्येच सोडले. पॅकेजबद्दल मात्र नरमाईची गरज नाही. 'सेशन किती लागतील ते तपासणीनंतर मी ठरवीन आणि चौथ्या भेटीला पुन्हा तपासून सांगेन' एवढं एक वाक्य ठामपणे म्हणा. उपचार ठरवण्याची जबाबदारी तुमची आहे, आणि खाली सहीही तुमची असते.

फोनचा प्रश्न सोपा आहे, एका दिवसात सुटतो. पेशंटसाठी क्लिनिकचाच नंबर. तुमचा नंबर आधीच गेला असेल तर बिझनेस व्हॉट्सअॅपवर आपोआप जाणारं उत्तर लावा: 'मेसेज मिळाला. उत्तर उद्या सकाळी ८ ते १ मध्ये मिळेल. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखणं, जखमेतून पू किंवा ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक हात-पाय लुळा पडणं, कमरेच्या दुखण्यासोबत लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका, लगेच हॉस्पिटलमध्ये जा.' हे लिहिलेलं असलं की रात्री फोन बाजूला ठेवताना 'काही गंभीर असलं तर?' ही धाकधूक राहत नाही. पहिला आठवडा लोक कुरकुर करतील, नंतर सवय होते.

दुपारी १ ते ४ हे तीन तास तुमचे आहेत, आणि तेच व्हिजिटमध्ये जातात. आठवड्यातले निदान तीन दिवस दुपारी व्हिजिट नको, जेवण बसून आणि वीस मिनिटं आडवं होणं. पैशांसाठी व्हिजिट लागत असतील तर जाण्या-येण्याचा वेळ दरात धरा; पंचवीस मिनिटं एका बाजूला जात असतील तर ती व्हिजिट दीड तासाची असते.

तब्येतीची एक तपासणीही करून घ्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉईडची चाचणी), बी-१२. थकवा कामाचाच आहे असं धरून चालताना रक्तक्षय किंवा थायरॉईड निसटतो. आणि मन उदास आहे ते फक्त ड्युटीच्या आधी, की सुट्टीच्या दिवशीही, आवडत्या माणसांतही? दोन आठवडे जवळजवळ रोज तसंच असेल, वेळ असूनही झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असा विचार एकदाही आला तर त्याच दिवशी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आईला वही दाखवा. 'सोसावं लागतं' म्हणणाऱ्या बहुतेकांना नेमकं काय आणि किती सोसलं जातंय याची कल्पना नसते.

नोकरी सोडायची का, याला आठ आठवड्यांची मुदत घाला आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. दोन आठवडे वही, एक आठवडा बोलणी, चार आठवडे प्रयोग, एक आठवडा विचार. त्या घरच्या व्हिजिटबद्दल सर हललेच नाहीत तर मात्र आठ आठवडे थांबायचं कारण नाही. तोवर तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेल असं बघा, पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्राची प्रत घरी आणून ठेवा. मूळ पदवी किंवा नोंदणी प्रमाणपत्र क्लिनिककडे ठेवलं असेल तर 'नूतनीकरणासाठी हवं आहे' अशा सबबी शोधू नका, लेखी पत्र देऊन परत मागा. 'सोडल्यावर दोन वर्षं या शहरात प्रॅक्टिस करायची नाही' अशी अट करारात असली तरी घाबरू नका. नोकरी संपल्यानंतर व्यवसाय करण्यावर घातलेली बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. नोटीस पीरियड किंवा प्रशिक्षणाच्या खर्चाचा बॉण्ड ही वेगळी गोष्ट आहे; तो कागद असेल तर सही केलेली प्रत वकिलाला दाखवा.

दुसरीकडे मुलाखतीला गेलात तर पगाराच्या आधी हे विचारा: एका फिजिओकडे दिवसाला किती पेशंट, त्यांतले नवे किती? नव्या पेशंटला किती मिनिटं? नोंदींसाठी वेळ बुक होते का? सेशनची संख्या कोण ठरवतं? आधीचा फिजिओ का गेला? आणि शक्य असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास जा, बाकावर किती जण बसलेत ते मोजा आणि आत काम करणाऱ्या फिजिओचं पाणी पिऊन झालंय का ते बघा.